नोकरीच्या बाजारातले बोगस बियाणे



बोगस बियाण्याची पिशवी कधीच आली नाही असे घर शोधायला निघालो तर आपल्या तालुक्यात सापडणार नाही. पेरून दहा दिवस झाले, पाऊसही बरा झाला, तरी तासातास नांग्या, दुबार पेरणी, उधारीवर उधारी. त्याची ओरड आपण केली. पिशव्या आणि लेबले घेऊन कृषी कचेरीत गेलो, पंचनामे करायला लावले. गेल्या काही वर्षांत मात्र आपल्या घरात दुसरेच एक बोगस बियाणे शिरले आहे. त्याचा पंचनामा कोणी मागत नाही, कारण ज्याचे गेले तो तोंड उघडत नाही. त्याचे नाव, पोराला नोकरी लावून देणारा.

आधी हिशेब करू, मग बाकीचे बोलू. लावून देणारा आज पाच-दहा लाखांखाली बोलत नाही. मधला आकडा, आठ लाख धरा. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला होता. त्या भावाने, म्हणजे तो मिळाला असे समजून, आठ लाख म्हणजे १०४ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरा. बोंडअळी आणि वेचणीच्या वेळचा पाऊस पाहता हे मी उदार मनाने धरतो आहे. पाच एकरवाल्याची चार वर्षांची सगळी वेचणी झाली. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचाई यातला एक रुपया वजा न करता. ज्वारीत मोजायचे तर संकरित ज्वारीचा त्याच हंगामाचा हमीभाव ३,६९९ रुपये. आठ लाखांची झाली २१६ पोती.

काट्यावर व्यापाऱ्याने क्विंटलमागे किलोभर मारले तर आपण बाजार समितीचे फाटक बंद पाडतो. आणि हाच माणूस १०४ क्विंटल कापसाचे पैसे, पावती न घेता, साक्षीदार न ठेवता, मोटारसायकलच्या डिकीत घालून कोणाच्या तरी घरी पोचवून येतो. येताना पेढे घेऊन येतो.

हा आपला विषय आहे का?

काही जुने कार्यकर्ते म्हणतात, हा आपला विषय नव्हे. संघटना भावासाठी आहे. कोणाच्या पोराची नोकरी, कोणाची फसवणूक, हे पोलिसांचे काम. मी त्यांना एवढेच विचारतो की हा पैसा कोणत्या पिकाचा आहे? बागायतदाराच्या पोराला आठ लाखांत फसवले तर तो वर्षभरात उभा राहतो. कोरडवाहूवाल्याच्या घरून गेलेले आठ लाख म्हणजे दोन एकर वावर, बायकोच्या गळ्यातले, बैलजोडी आणि उरलेले शेकडा तीन-चार महिन्याने सावकाराकडून. नोकरी लागणार नाही, पण व्याज पहिल्या महिन्यापासून लागते. कर्जाच्या यादीत हा आकडा कुठेच दिसत नाही. बँकेच्या वहीत पीककर्ज दिसते, मुलीचे लग्न दिसते, दवाखाना दिसतो. नोकरीसाठी दिलेले पैसे कोणी सांगत नाही, म्हणून आपल्या कर्जमुक्तीच्या चर्चेतही ते येत नाहीत.

दुसरी गोष्ट. ही माणसे लोभी आहेत, फुकटची सरकारी खुर्ची पाहिजे, म्हणून फसतात, असे शहरातले शहाणे म्हणतात. हे मला मान्य नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. असे निर्णय घेणाऱ्यांनी शेतकऱ्याला एकच धडा शिकवला की पोराला शेतीत ठेवू नको. बाप तो धडा नीट शिकला, एवढाच त्याचा दोष. त्यात सोयरिकीचा बाजार वेगळा. पाच एकर वावर आणि निर्व्यसनी पोरगा सांगितला तर मुलीकडचे चहा पिऊन उठतात. कुठेतरी शिपाई आहे म्हटले तर बसतात. बाप आठ लाख देतो तेव्हा तो नोकरी विकत घेत नसतो, सून विकत घेत असतो म्हटले तरी चालेल. (आपणही आपली मुलगी शेतकऱ्याच्या घरी देताना काय म्हणतो, हा विषय एखाद्या बैठकीत मायबहिणींनीच काढावा.)

सरळ रांग किती लांब आहे तेही पाहा. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले. एका जागेला शंभरावर पोरे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज. अर्जाची फी राखीवला ९०० आणि खुल्याला १००० रुपये. दहा लाखांना नऊशेने गुणा, नव्वद कोटी होतात. इतकी फी बेकारांच्या खिशातून काढणाऱ्या सरकारला भामट्यांविरुद्ध बोलण्याचा अधिकार किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण रांग इतकी लांब झाली की तिच्या शेजारी मागच्या दाराची किल्ली विकणारा उभा राहणारच.

आणि मागचे दार आहेच, अशी लोकांची खात्री आहे. ती उगाच नाही. शिक्षक पात्रता परीक्षेचा घोटाळा पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघड केला, परीक्षा परिषदेचे वरिष्ठ अधिकारीच पकडले गेले. पण पुढचे कोणी सांगत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ७,८८० उमेदवारांवर कारवाई झाली, यादीतून नावे गेली. २०२५ मध्ये नागपूर विभागात शालार्थ आयडीचा घोटाळा निघाला. शाळांमध्ये बनावट आयडीवर शेकडो शिक्षक-कर्मचारी पगार घेत होते. अधिकारी आत गेले आणि ज्यांनी संस्थाचालकाला पैसे मोजले त्या गुरुजींच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. म्हणजे पैसे घेणारा खरा होता, खुर्ची खरी होती, तरी नोकरी खोटीच निघाली. मग ज्याची खुर्चीही खोटी त्याच्याकडून काय उगवणार?

लावून देणारा पेरतो कसा

त्याची रीत समजून घ्या. तो अनोळखी नसतो. साडूचा मित्र, निवृत्त कर्मचारी, पतपेढीतला, पुढाऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणारा, कधी तर गावातलाच मास्तर. तो तुम्हाला विचारत नाही, तुमच्याकडून विचारून घेतो. लग्नात, मयतीत, पारावर तो फक्त म्हणतो, “अमक्याच्या पोराचं झालं बाप्पा, रेल्वेत.” दोन दिवसांनी तुम्हीच त्याच्या ओट्यावर जाता. मग तो नाही म्हणतो. जागा भरल्या म्हणतो. आठवड्याने फोन येतो, “काकाजी, एक जागा निघाली, साहेबाच्या कोट्यातली. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर दुसरा उभाच आहे.”

हा ‘कोटा’ नीट ध्यानात घ्या. मंत्र्याचा, आमदाराचा, सचिवाचा, रेल्वे बोर्डाचा असा नोकरीचा कोटा कुठल्याही नियमात नाही. अनुकंपा आहे, पण ती नोकरीत असताना वारलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला. प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्तांसाठी जागा असतात, पण त्या जाहिरातीत छापलेल्या असतात आणि त्यांनाही परीक्षा द्यावी लागते. जाहिरात नाही, परीक्षा नाही, आणि जागा आहे? अशी जागा नसते.

यापेक्षा हुशार माणूस आणखी एक डाव खेळतो, आणि तो ओळखायला सगळ्यांत अवघड. तो म्हणतो, पोराने परीक्षा द्यावी, मी वरून बघतो. काम झाले तर पैसे, नाही झाले तर पै न पै परत. यात काय खोटे, असे वाटते. पूर्वी ‘मुलगाच होईल, नाही झाला तर पैसे परत’ म्हणून औषध देणारे वैदू फिरत, आठवते का? दहा घरी औषध दिले तर पाचेक घरी मुलगा होणारच. त्या पाच घरचे पैसे ठेवायचे, बाकीच्यांचे हात जोडून परत करायचे. इमानदार म्हणून नाव होते ते वेगळेच. हा तोच धंदा. चाळीस पोरांकडून लाख-लाख अनामत घेतली. त्यातली दोन पोरे रात्र-रात्र अभ्यास करून, मैदानावर धावून, स्वतःच्या ताकदीवर लागली. त्यांच्याकडून आठ-आठ घेतले, सोळा लाख झाले. उरलेल्या अडतिसांचे अडतीस लाख वर्षभर बिनव्याजी वापरले, जे भांडले त्यांचे परत केले, जे गरीब आहेत त्यांना पुढच्या भरतीचे गाजर दाखवले. यात त्याने कोणत्याही साहेबाला फोनसुद्धा केलेला नसतो. आणि ज्या पोराने घाम गाळून नोकरी मिळवली त्याचा बाप गावभर सांगत फिरतो की अमुक भाऊंनी लावून दिली! पुढच्या वर्षी चाळिसाचे ऐंशी होतात.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी टोकन, मग ‘मेडिकल’च्या आधी, मग ऑर्डर हातात द्यायच्या आधी. पहिला हप्ता गेला की दुसरा आपोआप जातो, कारण आता थांबलो तर पहिलाही बुडेल असे वाटते. सडलेल्या पिकावर आणखी एक फवारणी मारणारा शेतकरी आपण पाहिला आहे, हे तेच. मध्ये दहावी-बारावीच्या मूळ सनदा ‘पडताळणीसाठी’ काढून घेतात. मग भांडायचीही सोय नाही.

आणि विश्वास बसावा म्हणून काय-काय करतात! मंत्रालयाच्या इमारतीत बोलावून मुलाखत घेतली, सरकारी रुग्णालयात नेऊन वैद्यकीय तपासणी करवली, असेही गुन्हे आपल्या राज्यात नोंदले गेले आहेत. सरकारी इमारतीत पास काढून कोणीही जाऊ शकतो, हे खेड्यातल्या माणसाला माहीत नसते. तो भिंतीवरचा अशोकस्तंभ पाहतो. २०२२ साली तर कळस झाला. तामिळनाडूची २८ पोरे. तिकीट तपासनीस, कारकून अशा रेल्वेच्या नोकऱ्या लावून देतो म्हणून त्यांच्याकडून दोन लाखांपासून चोवीस लाखांपर्यंत, सगळे मिळून दोन कोटी सदुसष्ट लाख रुपये घेतले. मग त्यांना दिल्लीला नेऊन ‘प्रशिक्षणा’ला बसवले. प्रशिक्षण काय, तर नवी दिल्ली स्टेशनच्या फलाटांवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायचे. रोज आठ तास, जवळजवळ महिनाभर. शिकलेली पोरे इमानेइतबारे डबे मोजत होती. ती पोरे ज्याच्या ओळखीतून दिल्लीला पोचली तो एक वृद्ध माजी सैनिक होता आणि आपलाही वापर झाला असे त्यानेच पोलिसांना सांगितले. म्हणून म्हणतो, मध्यस्थ सज्जन आहे याचा अर्थ व्यवहार सज्जन आहे असा नाही.

पुढचा भाग सगळ्यांच्या ओळखीचा. ऑर्डर येत नाही. आचारसंहिता लागली. साहेबाची बदली झाली. कोर्टाचा स्टे आला. तगादा वाढला की तो धनादेश देतो, आणि आपण समाधानाने तो कपाटात ठेवतो. त्याला तेवढेच पाहिजे असते. धनादेश तीन महिन्यांत बँकेत टाकला नाही तर तो नुसता कागद. टाकला आणि परत आला, तर बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे; नोटीस मिळून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. या तारखा चुकल्या की तो कायदा गेला.

पिशवी उलटून पाहा

अकोल्याला कृषीच्या पदवीला असताना बियाण्याच्या प्रात्यक्षिकात पहिल्याच आठवड्यात शिकवले होते की दाणा चमकतो म्हणून उगवतो असे नाही. शंभर दाणे मोजा, ओल्या पोत्यात गुंडाळा, कोंब मोजा. नोकरीच्या कागदाचीही उगवणशक्ती घरबसल्या तपासता येते.

जाहिरात कुठे छापली, तिचा क्रमांक काय, हे विचारा. रेल्वेची भरती रेल्वे भरती मंडळे आणि रेल्वेचे भरती कक्ष करतात, राज्याची लोकसेवा आयोग, निवड मंडळे आणि ते ते खाते. त्यांच्या संकेतस्थळावर ती जाहिरात नसेल तर ती नाही. संकेतस्थळाचा पत्ता शेवटून वाचा. सरकारी खात्याच्या पत्त्याचा शेवट बहुधा ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो. भामटा ‘गव्ह’ हा शब्द पत्त्याच्या मध्येच कुठेतरी घुसवतो आणि शेवटी भलतेच ठेवतो. २०२२ च्या अखेरीस ओडिशाच्या पोलिसांनी उत्तर प्रदेशातल्या अलिगढहून चालणारी एक टोळी उघडी केली. सरकारी आरोग्य योजनांसारखी नावे घेतलेली संकेतस्थळे, पगारी माणसांचे कॉल सेंटर, हजारभर सिमकार्डे. निरनिराळ्या राज्यांतली किमान पन्नास हजार पोरे फसली असा पोलिसांचा अंदाज. प्रत्येकाकडून तीन हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. रक्कम अशी ठेवलेली की एकट्याने पोलिसांत जायची लाज वाटावी.

फी आणि लाच यांतला फरकही पोरांना सांगा. परीक्षेला फी असते, ती भरती करणाऱ्या मंडळाच्याच संकेतस्थळावर भरली जाते आणि तिची पावती निघते. रेल्वेच्या खालच्या पदांच्या परीक्षांत तर खुल्या गटाच्या ५०० रुपयांतले ४०० परीक्षेला बसल्यावर परत देण्याची पद्धत २०१८ पासून आहे. कोणा माणसाच्या नावाच्या खात्यावर किंवा फोन नंबरवर ‘प्रोसेसिंग’, ‘गणवेश’, ‘लॅपटॉप अनामत’, ‘विमा’, ‘फाईल चार्ज’ मागितला की समजा, पिशवीत माती आहे. विमानतळावर दहावी पास पाहिजेत, पगार पंचवीस हजार, अशी बसस्टँडच्या खांबावरची चिठ्ठी याच जातीची.

खासगी नोकरीत तर तर्क अगदी साधा आहे. २०१६ साली राज्याने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापणे बंद करून खरेदीदाराकडून घ्यायला लावली, तेव्हा आपण काय म्हणालो? माल ज्याला पाहिजे त्याने दलाली द्यावी. श्रमाचेही तेच. कंपनीला माणूस पाहिजे तर माणूस शोधणाऱ्याची दलाली कंपनीने द्यावी. १९९७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने खासगी रोजगार संस्थांबद्दल करार केला, त्यातही कामगाराकडून फी घेऊ नये हेच मूळ तत्त्व आहे. आपल्या पोराचा घाम विकत घेणारा उलट आपल्याकडेच पैसे मागतो आणि आपण देतो, हे कोणत्या बाजाराचे गणित?

आणखी एक जात आहे, ‘कंपनीत इंटरव्ह्यू आहे’ म्हणून नागपूरला, पुण्याला बोलावणारी. बहुधा आपलाच मित्र बोलावतो. तिथे गेल्यावर खोलीत कोंबून चार दिवस भाषणे, मग वीस-तीस हजार भरा, आणि आणखी दोन मित्र आणा. नोकरी म्हणजे मित्र आणणे! २०२१ च्या ग्राहक संरक्षण नियमांनी अशी साखळी आणि अशी प्रवेश फी बेकायदा ठरवली. सागवान, ईमू, कडकनाथ यांच्या साखळीत बाप फसला, आता पोरगा फसतो. फरक एवढाच की बापाकडे निदान कोंबड्या तरी उरल्या.

फोनवरच्या कामांबद्दल फार लिहीत नाही, पोरांना ते आपल्यापेक्षा जास्त कळते असे त्यांना वाटते. व्हिडिओ आवडला म्हणून अंगठा दाबा, दीडशे रुपये. पहिले दीडशे खरेच येतात, पुढे ‘काम’ मिळवायला आधी आपणच हजार, मग दहा हजार भरायचे. घरबसल्या फॉर्म भरायचे काम दिले, मग चुका काढल्या, आणि वकिलाची बनावट नोटीस पाठवून दंड मागितला. घाबरू नका, भरू नका. पण एक मात्र घाबरण्यासारखे आहे. ‘तुझे बँक खाते वापरायला दे, महिन्याला पाच हजार मिळतील.’ त्या खात्यातून दुसऱ्या कोणा शेतकऱ्याचे लुटलेले पैसे फिरतात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या, म्हणजे आपल्या दारात. तिथे आपले पोरगे फिर्यादी नसते, आरोपी असते.

समुद्रापलीकडची नोकरी

थायलंडमध्ये संगणकाचे काम, जेवून-राहून पाऊण लाख पगार, अशा जाहिरातींना भुललेल्या पोरांना म्यानमारच्या सीमेवर म्यावाडी भागात नेऊन कोंडतात. तारेच्या कुंपणाआड बसवून त्यांच्याकडूनच लोकांना फोनवर फसवून घेतात. नकार दिला तर मारहाण, उपाशी ठेवणे. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना तिथून परत आणावे लागले. रशियात मदतनीस म्हणून नेलेल्यांना सैन्यात भरती करून युद्धावर पाठवले. सीबीआयने मार्च २०२४ मध्ये गुन्हा नोंदवला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारनेच सांगितले की अशा १२ भारतीयांचा मृत्यू झाला आणि १६ बेपत्ता आहेत.

परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारकडे नोंदणी लागते. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर त्याचे नाव आणि परवाना क्रमांक सापडला पाहिजे. फीची मर्यादा ३० हजार रुपये आणि वर जीएसटी अशी ठरवलेली. दोन-तीन लाख मागणारा परवानाधारक असला तरी कायदा मोडतो आहे. पर्यटक व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो, असे म्हणणाऱ्याच्या गाडीत पोरगा बसवू नका.

गेलेच, तर

फोनवरून किंवा ऑनलाइन पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० हा नंबर लावा. उद्या बँक उघडल्यावर नव्हे. पहिल्या तासाभरात कळवले तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. रात्र उलटली तर ते दहा खात्यांतून निघून गेलेले असतात.

रोख दिले असतील तर लावून देणारा एकच धमकी देतो, “तुम्ही लाच दिली, पहिले तुम्ही आत जाल.” याच धमकीवर त्याचा सगळा धंदा उभा आहे. पैसे घेताना तो तुम्हाला भागीदार करून ठेवतो, म्हणजे बोंब मारायला तोंड राहत नाही. खरे काय ते सांगतो. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणे हाही गुन्हा आहे, हे खोटे नाही. पण ज्याला देणे भाग पडले त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत खात्याला कळवले तर कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. आणि ज्याने कोणत्याही अधिकाऱ्याकडे जायचेच नव्हते, नुसती थाप मारून पैसे खाल्ले, त्याने केली ती फसवणूक. दिल्लीच्या त्या डबे मोजण्याच्या प्रकरणातही गुन्हा नोंदला गेला तो फसवणुकीचाच. पूर्वी याला चारशे वीस म्हणत. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम ३१८ झाले. (भामट्यांचे जुने नाव सरकारने काढून घेतले, धंदा तसाच ठेवला.) शिक्षा सात वर्षांपर्यंत. हद्दीचे कारण सांगून ठाणेदाराने परत पाठवायचे नाही. कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवता येते, हे आता संहितेतच लिहिले आहे. जाण्याआधी वकिलाशी बोला, आणि एकटे जाऊ नका. एका गावातून एकजण गेला तर ठाण्यात समजूत घालतात. एकाच माणसाने फसवलेले अकरा जण एकत्र गेले तर गुन्हा लिहावा लागतो. फोनवरची बोलणी, दिलेल्या दिवशी बँकेतून काढलेली रक्कम, वावर विकल्याची तारीख, हे सगळे पुरावे आहेत. फोन बदलू नका, संदेश पुसू नका.

आपल्या मंडपात कोण बसले आहे?

आता कडू बोलायचे आहे. लावून देणारे आपल्यातही आहेत. छातीवर बिल्ला लावून बैठकीत पुढे बसतात, ‘शेतकरी एकजुटीचा’ असे ओरडतात, आणि चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणतात, “तुमच्या पोराचं काही बघायचं का?” आपल्या बिल्ल्यावरचा विश्वास ते विकत आहेत. कापसाच्या पट्टीत दहा रुपये मारणाऱ्या व्यापाऱ्याला आपण चोर म्हणतो आणि १०४ क्विंटल मारणाऱ्याला भाऊ म्हणून हार घालतो. त्याने मंडपाला पाच हजार दिले म्हणून? ते पाच हजार कोणाच्या वावराचे होते ते विचारा.

माझे म्हणणे असे, आणि जिल्हा बैठकीत मी ते ठराव म्हणून मांडणार आहे. नोकरी लावून देण्यासाठी पैसे घेणारा, किंवा घेऊन पुढे पोचवणारा, संघटनेच्या कोणत्याही पदावर राहणार नाही. त्याच्या घरच्या कार्यक्रमाला संघटनेचा झेंडा जाणार नाही. प्रत्येक तालुक्यात एक वही ठेवायची. कोणी किती मागितले, कोणत्या खात्याचे नाव सांगितले, कोणत्या नंबरवरून फोन आला, एवढेच लिहायचे. देणाऱ्याचे नाव त्याने नको म्हटले तर लिहायचे नाही. महिन्याला चार वह्या शेजारी ठेवल्या की एकच नंबर तीन तालुक्यांत दिसतो की नाही ते कळेल. कृषी पदवीधर आणि संगणक येणारी पोरे आपल्याकडे आहेत. आठवड्यातून एक दिवस त्यांनी तालुक्याच्या कार्यालयात बसावे आणि कोणी ऑर्डर, जाहिरात, एजंटाचा परवाना आणला तर तो समोर तपासून द्यावा. जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्र सरकारी पगारावर चालते. आपल्या तालुक्यांत आलेल्या बनावट जाहिरातींची यादी त्यांनी दर महिन्याला प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी, अशी मागणी त्यांच्या दारात जाऊन करायची आहे.

याला विरोध होईल, तोही बैठकीतच व्हावा, पारावर नको. ज्यांच्याकडे अशी नेमणूकपत्रे, जाहिराती, पैसे घेतल्याच्या चिठ्ठ्या, न वटलेले धनादेश असतील त्यांनी येताना सगळ्याच्या झेरॉक्स आणाव्यात. मूळ कागद घरीच ठेवा. ते कोणाच्याही हाती देऊ नका, आमच्याही नाही.